शिकारीसाठी दुर्बिणीचं छातीवरचं हार्नेस – कोणतं घ्यावं?

डोंगरघोडा:
नमस्कार मंडळी. दुर्बीण १०×४२ आहे (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी), वजन सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास. आजवर गळ्यातल्या पट्ट्यावर भागवलं. मागच्या हंगामात एका उतारावर गुडघा टेकायला वाकलो, दुर्बीण पुढे झुलली आणि रायफलच्या दस्त्यावर टक्‌ करून आपटली. समोर शंभरेक मीटरवर हरणं चरत होती. एकीची मान वर आली, कान पुढे झाले आणि पुढच्या क्षणी सगळा कळप झाडीत. संध्याकाळी मान आखडली ती वेगळीच.

तर आता छातीवरचं हार्नेस घ्यायचं नक्की केलंय. दोन जाती दिसतात. एकात नुसते पट्टे, पाठीवर फुली मारलेले, दुर्बीण पुढे उघडीच लटकते. दुसऱ्यात झाकणाची पूर्ण थैली. थैलीतही झाकण पुढे उघडणारं, अंगाकडे उघडणारं, चुंबकाचं, वेल्क्रोचं, इलॅस्टिकच्या फाशाचं… डोकं चक्रावलंय. मी दिवसाला १२-१५ किलोमीटर चालतो, पाठीवर सॅक असते, रायफल उजव्या खांद्याला लावतो. थंडी असते, पाऊस कधीही.

परवाना, हंगाम सगळं रीतसर आहे. शिकार करावी की नाही यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

धनेश:
मी बंदूकवाला नाही, पक्षीवाला. पण दुर्बीण दिवसभर अंगावर वागवण्यात आम्हीही कमी नाही, म्हणून लिहितो. पंधरा वर्षं नुसत्या पट्ट्यांचं हार्नेस वापरतोय. मानेवरचं सगळं ओझं दोन्ही खांद्यांवर जातं, आणि हा फरक पहिल्याच तासात कळतो. दुर्बीण उघडी असल्यामुळे उचलली की डोळ्याला. झाकण नाही, भानगड नाही.

तोटाही सांगतो. इलॅस्टिकचे पट्टे दोन-तीन वर्षांत सैल पडतात, मग चालताना दुर्बीण पोटावर तबला वाजवते. आणि धूळ, पाऊस, खाल्लेल्या बिस्किटाचा चुरा, सगळं डोळ्याकडच्या भिंगांवर.

खडूस_आजोबा:
गळ्यातला पट्टा आखूड करा, दुर्बीण जाकिटाच्या आत घाला, चेन अर्धी लावा. झालं हार्नेस. आमची हयात यात गेली.

डोंगरघोडा:
आजोबा, तेही करून पाहिलंय. चेन उघडताना होणारा आवाज आणि मानेचं दुखणं, दोन्ही तसंच राहतं.

चकवा:
वाखु (वाचनखूण) साठवण्याजोगा विषय, म्हणून जरा सविस्तर.

लोक दुर्बीण बघून थैली घेतात. माझं मत उलटं आहे. आधी स्वतःचा हात बघा. जनावर दिसल्यापासून दुर्बीण डोळ्याला लागेपर्यंत आणि तिथून परत थैलीत जाऊन दोन्ही हात रायफलवर येईपर्यंत काय काय करावं लागतं, ते मोजा. काढणं सगळ्यांनाच जमतं. परत ठेवणं, तेही नजर जनावरावर ठेवून आणि एका हाताने, हे बहुतेक थैल्यांत जमत नाही. तोंड लिबलिबीत कापडाचं असेल तर दुर्बीण नेताच ते मिटतं आणि तुम्ही मान खाली घालून चाचपडत बसता. थैलीचं तोंड आपल्या पायावर उभं राहणारं, कडक कडेचं हवं.

आता झाकण. अंगाकडे उघडणारं झाकण उघडलं की छाती आणि दुर्बीण यांच्या मधोमध येतं. परत ठेवताना ते हाताने बाजूला करावं लागतं. पुढे उघडणारं झाकण आपोआप खाली पडतं, वाट मोकळी होते. अंगाकडच्या झाकणाचाही एक गुण आहे: समोरून येणारा पाऊस सहसा आत शिरत नाही. मी पुढे उघडणारंच घेतो आणि दाट झाडीत इलॅस्टिकचा फासा लावून ठेवतो.

वेल्क्रोचा विषयच नको. रानात पहाटे वेल्क्रो उघडून बघा, आपलं आपल्यालाच ओशाळं वाटतं.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे माप. दुर्बीण मिटून मोजू नका. तुमच्या डोळ्यांच्या अंतरावर उघडून, आयकप (डोळ्याला टेकणारे रबरी कप) जसे वापरता तसे वर काढून मोजा. रुंदी कमी पडली तर थैलीत घालताना दरवेळी दुर्बीण मिटावी लागते, आणि काढल्यावर दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत परत उघडत बसावं लागतं. उंची कमी पडली तर झाकण आयकप दाबतं. १०×४२ ची थैली म्हणून जे विकतात त्यात एकाची दुर्बीण सैल नाचते आणि दुसऱ्याची अडकते, कारण ४२ हा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. दुर्बिणीच्या लांबीशी त्याचा संबंध नाही. सरळ नळ्यांच्या रूफ प्रिझमच्या दुर्बिणी बऱ्याचशा मावतात; खांदे पसरलेल्या जुन्या पोरो दुर्बिणीला यातल्या बहुतेक थैल्या नकोच.

पुढच्या भिंगांची झाकणं काढून घरी ठेवा. थैली असताना ती फक्त जागा खातात.

मुक्ता_बाण:
चकवांना अनुमोदन, पण धनुष्यवाल्यांचं गणित थोडं वेगळं आहे. मी कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य) वापरते. दोरी ओढून सोडली की ती छातीच्या आणि दंडाच्या अगदी जवळून जाते. थैली रुंद असेल, किंवा हौसेने दोन्ही बाजूंना कप्पे जोडले असतील, तर दोरी तिथे घासते आणि बाण भलतीकडे. मी डाव्या बाजूचे सगळे कप्पे काढून टाकलेत (धनुष्य डाव्या हातात, त्यामुळे दोरी त्या बाजूने येते). थैली जितकी चपटी तितकी बरी. घेण्याआधी हार्नेस घालून, जाड जाकीट घालून, धनुष्य पूर्ण ओढून बघा, आणि दुसऱ्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. आपल्याला स्वतःला ते अंतर दिसत नाही. बाण लावल्याशिवाय दोरी सोडू नका हे सांगायला नको.

दुसरं, ही मापं पुरुषांच्या सपाट छातीवर बेतलेली असतात. माझ्यावर पहिली थैली वरच्या कडेने पुढे झुकून उभी राहायची, म्हणजे दुर्बीण काढताना हनुवटीवर. थैली चार बोटं खाली घेतली आणि कमरेचा बाजूचा पट्टा आवळला तेव्हा बसली. ताई मंडळींनी फोटोवरून काही मागवू नये, घालून बघावं.

डावरा:
डावखुऱ्यांसाठी पण कुणीतरी लिहा रे. झाकणाची ओढायची पट्टी एकाच बाजूला असते, हमखास उजव्या.

मुक्ता_बाण:
डावरा, मधोमध पट्टी असलेली मिळतात. नाहीतर सुईदोरांना हाक मारा, ते पट्टी हलवून देतील :)

सुईदोरा:
हजर. ओढायची पट्टी हलवणं दहा मिनिटांचं काम आहे, जाड सुई आणि मेण लावलेला दोरा पुरतो.

मी असल्या थैल्या दुरुस्त करतो त्यामुळे कुठे मोडतात ते रोज बघतो. पहिलं मरतं ते इलॅस्टिक. दुसरं, पाठीवर जिथे पट्टे एकत्र येतात तिथली शिवण. सॅक त्यावर सतत घासते. तिसरं, प्लॅस्टिकची बकलं थंडीत ठिसूळ होतात आणि दारात चिमटून फुटतात. कापड फारसं कुणाचं फाटत नाही, त्यामुळे जाहिरातीत कापडाचे डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) बघून भुलू नका. पाठीवरचा जोड बघा. तिथे मोठं जाड बकल किंवा धातूची कडी असेल तर सॅकखाली ती मणक्यावर रुतणार. कापडाचा किंवा चामड्याचा सपाट तुकडा असावा.

दुर्बिणीच्या कडीत जी धातूची रिंग अडकवतात, तिचाही किणकिणाट होतो. त्यावर रबरी नळी चढवा किंवा रिंगऐवजी पातळ दोरीचा फासा घाला.

चुंबकांबद्दल सांगायचं राहिलं. चुंबकाचं झाकण शांत असतं आणि आपोआप मिटतं, उत्तमच. पण तुम्ही होकायंत्र वापरता का?

डोंगरघोडा:
वापरतो. गळ्यात दोरी आणि होकायंत्र शर्टाच्या खिशात. म्हणजे थैलीच्या बरोबर मागे!

सुईदोरा:
मग जागा बदला. नुसतं जवळ धरल्यावर सुई भरकटते, ते दूर नेलं की ठीक होतं. पण जोरदार चुंबकाला दिवसेंदिवस चिकटून राहिलं तर सुईचं चुंबकत्वच उलटं होऊ शकतं, आणि मग ती बिनचूकपणे दक्षिण दाखवते. सगळ्यांत वाईट चूक हीच, कारण सुई अडखळत नाही, ठामपणे चुकते. मोबाईलमधलं होकायंत्रही चुंबकाजवळ बावचळतं.

वैद्यबुवा:
अवांतर नाही, महत्त्वाचं: छातीत पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेला असेल तर चुंबकाचं झाकण घेऊ नका. जोरदार चुंबक या यंत्रांपासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात, आणि ही थैली तर नेमकी त्याच जागी बसते. इलॅस्टिकच्या फाशाचं झाकण घ्या आणि तरीही आपल्या डॉक्टरांना विचारा.

खडूस_आजोबा:
बघा. पट्ट्याला चुंबक नसतो.

धनेश:
आजोबा +१ :)

एक शंका. थैलीत बंद दुर्बिणीवर घामाची वाफ धरत नाही का? चढावर माझी छाती ओलीचिंब असते.

चकवा:
धरते, पण लोक समजतात तशी नाही. चांगल्या दुर्बिणीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून ती बंद केलेली असते, त्यामुळे आतून धुकं येत नाही. बाहेरच्या भिंगांवर मात्र येतं. थंडगार दुर्बीण गरम, घामट चेहऱ्याला लावली की डोळ्याकडची भिंगं पांढरी. चढ संपल्यावर लगेच डोळ्याला लावू नका, झाकण उघडून जरा वारा लागू द्या. आणि त्या भिंगांवर तोंडाची वाफ सोडू नका. कडाक्याच्या थंडीत ती तिथेच गोठते.

मोठा धोका वेगळा आहे. पावसात भिजलेली दुर्बीण ओल्याच थैलीत झाकण लावून चार दिवस कपाटात राहिली तर बुरशीला आमंत्रण. घरी आलं की थैली वेगळी वाळवा, दुर्बीण वेगळी. थैलीच्या तळाला पाणी जायला भोक आहे का, तेही बघून घ्या. तळात वाळूचे कण साचतात आणि पुढची भिंगं त्याच वाळूवर उभी राहतात. महिन्यातून एकदा थैली उलटी करून झटका. भिंगं पुसण्याआधी ब्लोअरने फुंकर मारा, मगच कापड.

रानवेडा:
मधेच विचारतो, सॅक आधी घालायची की हार्नेस?

चकवा:
हार्नेस आधी, सॅक वर. सॅक उतरवली तरी दुर्बीण अंगावर राहिली पाहिजे. सॅकचा छातीवरचा पट्टा थैलीच्या वरून किंवा खालून जातो का, ते आधी बघा. थैलीच्या मधोमध आला तर झाकण उघडणार नाही. काही थैल्या सॅकच्या खांदेपट्ट्यांनाच अडकवता येतात. चालायला मस्त, पण सॅक उतरवून शेवटचे शंभर मीटर रांगत जायचं असेल तर दुर्बीणही मागेच राहते.

उंचीचं बोलायचं तर थैलीची वरची कड छातीच्या हाडाच्या मध्यावर येईल अशी. फार वर घेतली की हनुवटीला लागते आणि दगडावर पाय ठेवताना स्वतःची पावलं दिसत नाहीत. फार खाली घेतली की चढावर मांडी तिला ठोकत राहते.

डोंगरघोडा:
सगळ्यांचे आभार. काल मोजमाप केलं. माझ्या डोळ्यांच्या अंतरावर उघडलेली दुर्बीण १२.८ सेंटीमीटर रुंद, आयकप वर काढून १५.५ सेंटीमीटर लांब. मिटून मोजली असती तर रुंदीत दीड-दोन सेंटीमीटर कमी भरली असती. चकवा, तुमच्यामुळे एक चुकीची थैली वाचली.

दोन थैल्या परत करण्याच्या बोलीवर आणल्यात. पहिली अंगाकडे उघडणारी, चुंबकाची, भरपूर कप्पे. दुसरी पुढे उघडणारी, एक इलॅस्टिकचा फासा, कप्पा फक्त एकच. डोळे मिटून, सॅक घालून, प्रत्येकीत वीस वेळा दुर्बीण काढली-घातली. पहिलीत वीसपैकी सात वेळा झाकणावरच नेऊन ठेवली. दुसरीत दोनदा. बायको म्हणाली, आरशासमोर काय चाललंय.

भटकभवानी:
वाचतेय. दुसरी ठेवा. त्या एका कप्प्यात काय ठेवणार?

डोंगरघोडा:
रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र. उजव्या बाजूला.

चकवा:
थांबा. रायफल उजव्या खांद्याला लावता ना? मग उजवी बाजू मोकळी ठेवा, रेंजफाइंडर डावीकडे. आणि खांद्याच्या ज्या खोबणीत दस्ता बसतो, तिथे हार्नेसच्या पट्ट्याचं बकल येतंय का, हे आजच बघा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, उभ्याने, बसून आणि पालथं पडून खांद्याला लावा. बकलावर दस्ता टेकला तर तो दरवेळी वेगळ्या जागी बसतो आणि धक्का हाडात जातो. पालथं पडल्यावर थैली पोटाखाली येते, तेव्हा ती सरकवून बगलेत नेता येते का हेही बघा. नेता आली नाही तर छाती जमिनीपासून पाच-सात बोटं वर राहते आणि नेम हलतो.

रानवेडा:
जिथे भडक नारिंगी घालणं सक्तीचं असतं, तिथे थैली नारिंगी बंडीचा मोठा भाग झाकते. त्याचं काय करता?

चकवा:
चांगली आठवण. नियमात किती नारिंगी समोरून दिसलं पाहिजे ते वाचा आणि थैली घालून मोजा. मी थैलीवर नारिंगी कापडाचं आवरण चढवतो. डौल वगैरे काही नाही त्यात, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसलेलं बरं.

सुईदोरा:
तिपाईवर लावून बघणाऱ्यांसाठी एक पुस्ती. दुर्बिणीच्या पुढच्या बिजागरीत तिपाईचा खिळा कायमचा बसवला असेल तर तो थैलीच्या तळाला टोचतो. आणि दुर्बिणीला बांधलेल्या दोऱ्या एका बोटाने सुटतील अशा हव्यात. नाहीतर तिपाईवर दुर्बीण आणि तिला जोडलेले तुम्ही.

डोंगरघोडा:
(पाच आठवड्यांनी)

वर काढतोय धागा. हंगामाचे पहिले नऊ दिवस झाले.

चकवांनी सांगितलं ते बकल अगदी दस्त्याच्या खोबणीत येत होतं. पट्टा उलटा ओवून बकल पाठीमागे नेलं, काम झालं. रेंजफाइंडर डावीकडे गेला. होकायंत्र आता पँटच्या खिशात. ही थैली चुंबकाची नाही, पण सवय लागलेली बरी.

तिसऱ्या दिवशी पहाटे एका घळीच्या तोंडाशी बसलो होतो. पलीकडचा उतार चाळत होतो, वरून खाली, एकेक झुडूप. एका झुडपाखाली आडवी रेघ दिसली. झाडं उभी असतात, त्यांच्यात आडवी रेघ म्हणजे पाठ. नर होता, झोपलेला, एक कान तेवढा हलत होता. दुर्बीण न बघता थैलीत गेली, फासा लावलाच नाही, पुढे सरकलो. गवतावर पालथं पडताना थैली बगलेत ढकलली. आवाज काहीही नाही. वारा फिरला आणि तो उठून गेला, तो भाग हार्नेसच्या हातात नव्हता.

मानेचं दुखणं गेलं. खांदे थोडे दुखतात, पण ते सॅकचंही असेल.

एक कटकट मात्र उरलीय. थैलीच्या कडक कडेला घासून उजव्या डोळ्याची डायॉप्टरची कडी (त्या एका डोळ्यापुरतं चित्र स्पष्ट करायची) फिरते. दोन दिवस मला वाटत होतं की डोळा बिघडला. डावं चित्र काचेसारखं, उजवं दुधाळ. शेवटी कडी बघितली तर दोन खुणा सरकलेली. कुणाला हा अनुभव आहे?

मुक्ता_बाण:
आहे! मी चष्म्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते :( आता कडीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय, निदान सरकली तर कळतं.

सुईदोरा:
सायकलच्या जुन्या ट्यूबमधून बोटभर रुंद गोल पट्टी कापा आणि कडीवर अशी चढवा की अर्धी कडीवर, अर्धी नळीवर बसेल. आधी डायॉप्टर नीट लावून घ्या. ट्यूब काळी असते, दिसणारही नाही.

डोंगरघोडा:
आज चढवली. चाळीस वेळा आत-बाहेर केली, कडी जागची हलली नाही. थैली मात्र आता त्या बाजूला किंचित घट्ट झालीय.